शरणपूरची शाळा आणि तिच्या शिक्षकांची नावे : नाशिकच्या शैक्षणिक इतिहासातील एक आफ्रिकी अध्याय

प्रस्तावना

एखाद्या वस्तीतील प्राथमिक शाळेला तेथे झटलेल्या शिक्षकाचे नाव देण्याची प्रथा महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. गावोगावच्या शाळांच्या दर्शनी पाट्या वाचत गेल्यास त्या त्या परिसराच्या शैक्षणिक चळवळीचा एक त्रोटक इतिहासच हाती लागतो. अशा शाळांचे इतिहास बहुधा एका ठरावीक क्रमाने लिहिले जातात. संस्थापकांचे चरित्र, स्थापनेचे वर्ष, इमारतीचा विस्तार, पटसंख्येची वाढ आणि शेवटी नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी, असा तो क्रम असतो. विद्यार्थी त्या इतिहासात सर्वांत शेवटी येतो.

नाशिक शहराच्या त्या काळच्या वेशीबाहेर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभी राहिलेली शरणपूरची शाळा या क्रमात बसत नाही. तेथे शिक्षकांची नावे शाळेच्या पाटीवर लागली नाहीत. ती विद्यार्थ्यांना लागली. प्राइस, फॅरर, आयझेनबर्ग ही मिशनऱ्यांची आडनावे घेऊन येथील मुले आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली. पुढे या मुलांना ज्या सामूहिक नावाने ओळखले गेले ते नाव मात्र या शहराचे होते. प्रवासवर्णनांत आणि मिशनच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’, म्हणजे नाशिकची मुले, असा येतो. आज शरणपूर रोड हा नाशिकच्या भर वस्तीतील रस्ता आहे. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या नावामागील शाळेची आणि तिच्या विद्यार्थ्यांची माहिती असते. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासलेखनात मात्र या विद्यार्थ्यांची दखल वारंवार घेतली गेली आहे. या शाळेची पार्श्वभूमी, तेथील शिक्षणाचे स्वरूप, विद्यार्थ्यांची पुढील वाटचाल आणि स्थानिक इतिहासलेखनाच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शरणपूरची स्थापना

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि नाशिक परिसर ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आला. १७९९ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या चर्च मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये मुंबईत कार्यास प्रारंभ केला होता. १८३२ मध्ये या संस्थेने नाशिक येथे आपले ठाणे उभारले. गोदावरीच्या तीरावरील हे क्षेत्र वेदविद्येचे आणि तीर्थयात्रेचे केंद्र असल्यामुळेच मिशनने त्याची निवड केली, हे उघड आहे. आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी चार्ल्स पिनहॉर्न फॅरर हे एक होत. पुढे इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक व लेखक म्हणून प्रसिद्धीस आलेले फ्रेडरिक फॅरर हे त्यांचे पुत्र. मिशनने नाशिकात मुलांसाठी व मुलींसाठी शाळा चालविल्या. क्षेत्राच्या ठिकाणी अशा शाळांविषयी संशय आणि विरोध असणे स्वाभाविक होते. इंग्रजी विद्येचे आकर्षण आणि धर्मांतराची धास्ती, या दोन्हींच्या ओढाताणीत त्या शाळा चालल्या.

धर्मांतर करणाऱ्यापुढे त्या काळी पहिला प्रश्न उभा राहत असे तो निवाऱ्याचा आणि पोटापाण्याचा. जातीतून बाहेर पडताच घर, पाणवठा आणि परंपरागत व्यवसाय या तिन्ही गोष्टी त्याला दुरावत. या अडचणीवर उपाय म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास शहराबाहेर एक स्वतंत्र ख्रिस्ती वस्ती वसविली. तिला ‘शरणपूर’ असे नाव देण्यात आले. शरण आलेल्यांचे गाव हा त्या नावाचा सरळ अर्थ. मराठी कानाला ते परके वाटत नाही, कारण संतवाङ्मयाने ‘शरण’ हा शब्द घरोघर पोचविला आहे. तथापि बायबलमधील आश्रयनगराच्या कल्पनेची छायाही त्यावर आहे. वस्तीला जोडून शाळा आणि हस्तव्यवसायांचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली.

या वर्षांचा शैक्षणिक संदर्भ लक्षात घेणे आवश्यक आहे. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली होती. १८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले. प्राथमिक शिक्षण कोणाला, कोणत्या भाषेत आणि कशासाठी द्यावयाचे, हे प्रश्न नुकतेच सार्वजनिक चर्चेत येऊ लागले होते. शरणपूरच्या शाळेने या प्रश्नांना दिलेले उत्तर साधे होते. ज्याला जात, घर आणि मिळकत यांपैकी कशाचाच आधार उरलेला नाही, त्याला अक्षरओळख आणि हातातील कसब या दोन गोष्टी दिल्या पाहिजेत. हे उत्तर नवख्रिस्ती कुटुंबांसाठी शोधलेले होते. त्याची खरी कसोटी लागली ती समुद्रापलीकडून आलेल्या मुलांच्या बाबतीत.

अरबी समुद्रातून आलेली मुले

ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीला असलेली कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. तथापि पूर्व आफ्रिकेचा किनारा, झांझिबार, अरबस्तान आणि इराणचे आखात यांमधील गुलामांचा व्यापार त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिला. न्यासा सरोवराच्या परिसरातून धरून आणलेली माणसे किल्वा व झांझिबारच्या बाजारांत विकली जात आणि तेथून गलबतांतून उत्तरेकडे पाठविली जात. या गलबतांवर ब्रिटिश आरमाराची जहाजे पाळत ठेवीत. पकडलेल्या गलबतांतील माणसांना पुन्हा त्यांच्या गावी पोचविणे शक्य नसे, कारण ज्या वाटेने त्यांना आणले त्याच वाटेवर ती पुन्हा पकडली जाण्याची भीती होती. म्हणून त्यांना एडन, सेशेल्स आणि मुंबई अशा बंदरांत उतरविले जाई. मुंबईत उतरलेल्यांमध्ये लहान मुलांचा भरणा बराच असे.

आफ्रिकी माणूस हा दख्खनला नवा नव्हता. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला होता आणि जंजिऱ्याचे सिद्दी ही पश्चिम किनाऱ्यावरील मोठी सत्ता होती. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या धक्क्यावर उतरणाऱ्या या मुलांची स्थिती अर्थातच अगदी निराळी होती. त्यांच्यामागे फौज नव्हती, टोळी नव्हती, बहुतेकांना आईबापांचा ठावठिकाणाही राहिला नव्हता. सरकारने ही मुले काही कुटुंबांकडे आणि काही मिशनसंस्थांकडे सोपविली. १८६० च्या सुमारास शरणपूर येथे त्यांच्यासाठी आश्रम सुरू झाला आणि मुंबईहून मुलामुलींना घाट चढवून नाशिकला आणले जाऊ लागले. त्यांतील अनेक जण न्यासा सरोवराच्या पूर्वेकडील याओ समाजातील होते. अशा रीतीने नाशिकच्या वेशीवरील एका छोट्या शाळेत गोदाकाठची आणि न्यासाकाठची मुले एका छपराखाली आली.

शाळेतील शिक्षण आणि नामकरण

या शाळेचा अभ्यासक्रम दुहेरी होता. लेखन, वाचन, गणित आणि बायबलचे शिक्षण ही त्याची एक बाजू; सुतारकाम, लोहारकाम, शेती यांसारख्या कामांचे शिक्षण ही दुसरी. मुलींना शिवणकाम व घरकाम शिकविले जाई. मुले इंग्रजी शिकली आणि त्याबरोबर येथील देशी भाषाही बोलू लागली. पुस्तकी विद्या आणि हातचे काम यांची सांगड घालण्याची कल्पना महाराष्ट्रात पुढे अनेकांनी वेगवेगळ्या प्रेरणांनी मांडली. शरणपूरला तिचा उगम तत्त्वचिंतनापेक्षा निकडीत होता. ही मुले मोठी झाल्यावर त्यांना कोणत्याही कुळाचा वा जातीचा आधार मिळणार नव्हता. जे काही मिळवावयाचे ते स्वतःच्या हातांनीच.

मात्र या शिक्षणाबरोबर मुलांनी एक मोलाची गोष्ट गमावली, ती म्हणजे त्यांची नावे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना इंग्रजी नावे आणि आडनावे देण्यात आली. १८६५ मध्ये शाळेतून बाहेर पडलेल्या एका तुकडीतील नावे पाहिली तर सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, अँड्र्यू पॉवेल, रूबेन स्मिथ अशी ती आहेत. पुढच्या तुकडीत कॅरस फॅरर भेटतो. प्राइस हे शरणपूरच्या संस्थापकाचे आडनाव, फॅरर हे नाशिकच्या आद्य मिशनऱ्याचे, तर आयझेनबर्ग हे इथिओपियात काम करून नंतर मुंबईस आलेल्या जर्मन मिशनऱ्याचे. ज्याला चेंग्विंबे म्हणून ओळखत असत, त्या याओ मुलाचे नाव मॅथ्यू वेलिंग्टन झाले.

या नामकरणाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. ज्या मुलाचे सर्व नातेसंबंध तुटलेले आहेत त्याला आपले आडनाव देणे ही त्या शिक्षकांच्या लेखी एक प्रकारची आप्तता होती. गुरूच्या कुळाचे नाव शिष्याने लावावे ही कल्पना भारतीय परंपरेलाही अपरिचित नाही. परंतु नव्या नावाबरोबर जुने नाव, आणि त्या नावाला चिकटलेली भाषा, गाव व गोत हेही पुसले गेले. गुलामाला विकत घेणारा मालकही त्याचे नाव बदलत असे. मुक्ततेनंतर मिळालेले नाव मालकाच्या नावापेक्षा निश्चितच निराळ्या भावनेने दिलेले होते, पण त्यातही मुलाचे मत कोणी विचारले नव्हते. या शाळेच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

लिव्हिंग्स्टन आणि नाशिकचे विद्यार्थी

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या आफ्रिका मोहिमेची तयारी करण्यासाठी मुंबईस आले. बार्टल फ्रिअर हे त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते. लिव्हिंग्स्टन यांनी नाशिकला भेट दिली आणि शरणपूरच्या शाळेतील नऊ तरुणांना मोहिमेसाठी निवडले. जानेवारी १८६६ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि झांझिबारमार्गे रोवुमा नदीच्या परिसरात उतरले. मोहिमेत या नऊ जणांखेरीज हिंदी शिपाई, जोहाना बेटावरील माणसे आणि इतर काही अनुयायी होते.

या पहिल्या तुकडीविषयी लिव्हिंग्स्टन यांची नोंद फारशी गौरवपर नाही. आळस, चोरी आणि बेशिस्त यांच्या तक्रारी त्यांच्या रोजनिशीत आढळतात. या तक्रारी वाचताना परिस्थितीचा विचार करणे इष्ट ठरते. ज्या प्रदेशातून लहानपणी बेड्या घालून नेले, त्याच प्रदेशात हे तरुण ओझी वाहत परत जात होते. उपासमार, आजार आणि गुलामांच्या तांड्यांचे नित्य दर्शन यांत त्यांचे दिवस चालले होते. सुतारकाम शिकलेल्या मुलांना हमाली करावी लागत होती. रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी मृत्यू पावला. काही जण वाटेत गळाले. तरीही एडवर्ड गार्डनर आणि मबरुकी या नावाने ओळखला जाणारा नॅथॅनिएल कुंबा हे दोघे १८६६ पासून १८७३ पर्यंत, म्हणजे लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूपर्यंत, त्यांच्यासोबत राहिले. शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मूळच्या पाच अनुयायांत या दोघांची गणना होते.

दुसरी तुकडी १८७२ मध्ये गेली. हेन्री स्टॅन्ली यांनी लिव्हिंग्स्टन यांचा शोध लावून परतल्यावर किनाऱ्यावरून जी नवी माणसे पाठविली, त्यांत शरणपूरचे सहा विद्यार्थी होते. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, बेंजामिन रटन आणि रिचर्ड रटन ही त्यांची नावे. १ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या अनुयायांनी घेतलेला निर्णय सर्वश्रुत आहे. हृदय व आतील अवयव तेथेच एका झाडाखाली पुरून, देह वाळवून, तो किनाऱ्यापर्यंत वाहून नेण्याचे त्यांनी ठरविले. सुमारे नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर फेब्रुवारी १८७४ मध्ये हा तांडा बागामोयो येथे पोचला.

या सर्व घटनाक्रमाचे नेतृत्व सुसी आणि चुमा यांच्याकडे होते. चुमा याचा उल्लेख काही वेळा नाशिकचा विद्यार्थी म्हणून केला जातो, परंतु तो मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवण्यात आला होता. नाशिकच्या शाळेचा वाटा निराळा आणि तितकाच महत्त्वाचा आहे. त्या रानात लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाची आवश्यकता निर्माण झाली, तेव्हा जेकब वेनराइट पुढे आला. लिव्हिंग्स्टन यांच्या सामानाची, कागदपत्रांची आणि उपकरणांची यादी त्याने केली. दफनविधीच्या वेळी प्रार्थना त्याने वाचली. झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंद त्याने कोरली; त्या खोडाचा भाग पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. परतीच्या प्रवासाची रोजनिशीही त्याने लिहिली. यादी करणे, वाचणे, कोरणे आणि टिपण ठेवणे ही सर्व प्राथमिक शिक्षणातूनच येणारी कौशल्ये आहेत. शरणपूरच्या शाळेत जे शिकविले जात होते त्याचा एवढा नेमका पुरावा अन्यत्र मिळणे कठीण.

वेनराइट शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधील अंत्यविधीत शवपेटीस हात देणाऱ्यांमध्ये तो होता. सुसी आणि चुमा त्या दिवशी तेथे नव्हते. त्यांना नंतर इंग्लंडला नेण्यात आले. लिव्हिंग्स्टन यांची अखेरची रोजनिशी संपादित करणारे होरेस वॉलर यांनी मुख्यतः या दोघांच्या कथनाचा आधार घेतला आणि वेनराइटचे लेखन बाजूस पडले. त्याच्या रोजनिशीचा जर्मन अनुवाद १८७४ मध्येच प्रसिद्ध झाला असला, तरी मूळ इंग्रजी हस्तलिखित सर्वांसाठी खुले होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूनंतरच्या घटनांचे एका आफ्रिकी साक्षीदाराच्या हातचे हे लेखन आहे आणि तो हात नाशिकच्या शाळेत अक्षर गिरवलेला आहे. वेनराइट पुन्हा आफ्रिकेत गेला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे मरण पावला.

राबाई आणि फ्रिअरटाउन

लिव्हिंग्स्टन यांच्या निमित्ताने या शाळेचे नाव इतिहासात आले, परंतु तिचे अधिक स्थायी कार्य मोंबासाच्या परिसरात झाले. योहान्नेस रेबमान हे जर्मन मिशनरी १८४६ पासून तेथे कार्यरत होते. १८६४ मध्ये शरणपूरच्या आश्रमातील विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे आपल्या पत्नींसह राबाई येथे त्यांच्या मदतीस गेले. जॉर्ज डेव्हिड हाही तेथे रुजू झाला. रेबमान यांची दृष्टी क्षीण होत गेली तसतसा मिशनचा दैनंदिन कारभार या नाशिककरांच्या अंगावर आला. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात या मंडळींना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ असे संबोधले जाते.

१८७३ मध्ये फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने ५ जून रोजी करारावर सही केली आणि समुद्रमार्गे चालणाऱ्या गुलामव्यापाराला बंदी झाली. मुक्त केलेल्या माणसांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत हवी, हा विचार पुढे आला. नाशिकचा अनुभव फ्रिअर यांना प्रत्यक्ष ठाऊक होता. ही वसाहत उभारण्याचे काम शरणपूर वसविणाऱ्या प्राइस यांच्याकडेच सोपविण्यात आले. १८७४ च्या अखेरीस ते मोंबासास पोचले आणि पुढील वर्षी फ्रिअरटाउन आकारास आले. नाशिकच्या आश्रमातील आफ्रिकी रहिवासीही तिकडे गेले; तेथे गेलेल्या ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ची संख्या सुमारे दीडशे भरते. शरणपूरची रचना, म्हणजे वस्ती, शाळा, कारखाना आणि प्रार्थनामंदिर यांचा एकत्र आराखडा, समुद्रापलीकडे पुन्हा मांडला गेला. मोंबासातील ‘केंगेलेनी’ हे ठिकाण आजही फ्रिअरटाउनच्या घंटेवरून ओळखले जाते.

या नव्या वसाहतीत शरणपूरचे विद्यार्थी शिक्षक, धर्मोपदेशक, कारागीर आणि दुभाषे झाले. त्यांचे जीवन सुरळीत मात्र नव्हते. स्थानिक मिजिकेंदा समाजाला ते परके वाटत, कारण त्यांची वेशभूषा, भाषा आणि सवयी हिंदुस्थानातील इंग्रजी वळणाच्या होत्या. युरोपीय अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ते दुय्यम होते आणि वेतन व अधिकार यांवरून खटके उडत. फ्रिअरटाउनच्या व्यवस्थापकाने केलेल्या कठोर शिक्षांचे प्रकरण १८८१ मध्ये चौकशीपर्यंत गेले. त्यानंतर घडी नीट बसविण्यासाठी प्राइस यांनाच पुन्हा बोलावून घ्यावे लागले. ज्यांना माणूस म्हणून वागविण्याचे वचन देऊन शिक्षण दिले, ते शिकल्यानंतर समान वागणुकीची अपेक्षा करू लागले, हे या संघर्षाचे मूळ होते.

विल्यम जोन्स याचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेम्लर या दोघांना धर्मदीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन यांच्या बुसोगाकडील मोहिमेत जोन्स सामील झाला. हॅनिंग्टन थोड्या माणसांसह पुढे गेले आणि ऑक्टोबर १८८५ मध्ये मारले गेले. मागे राहिलेला तांडा किनाऱ्यावर सुखरूप परत आणण्याची जबाबदारी जोन्सने पार पाडली. राबाई येथे त्याने किनाऱ्यावरील मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना आश्रय दिला. हा आश्रय मिशनच्या वरिष्ठांना अडचणीचा वाटत होता, कारण मालक आपली ‘मालमत्ता’ परत मागत होते. १८८८ मध्ये हा वाद विकोपाला गेला. अखेर इंपीरिअल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांच्या पुढाकाराने मालकांना मोबदला देऊन तडजोड झाली आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेहून अधिक माणसांना मुक्ततेचे दाखले मिळाले. लहानपणी शरणपुरात आश्रय मिळालेल्या एका विद्यार्थ्याने मोठेपणी राबाईचे शरणपूर केले, असे याचे वर्णन करता येईल.

मूल्यमापन

१८७३ हे वर्ष या कथेत मध्यवर्ती आहे. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना ते पुस्तक अर्पण केलेले आहे. जातिव्यवस्थेतील दास्य आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसाचे दास्य यांत फुले यांनी साम्य पाहिले. ज्या वेळी हे लेखन छापले जात होते, त्याच वेळी नाशिकच्या शाळेतून बाहेर पडलेले आणि स्वतः गुलामांच्या गलबतातून सुटलेले तरुण आफ्रिकेच्या जंगलातून वाट काढीत होते. या दोन घटनांत प्रत्यक्ष संबंध दाखविण्याचे कारण नाही. मात्र गुलामगिरीचा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने केवळ दूरदेशीचा दाखला नव्हता. मुंबईच्या बंदरात आणि नाशिकच्या वेशीवर तो प्रत्यक्ष उपस्थित होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

शाळेच्या कार्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिचा अंतिम हेतू धर्मप्रसाराचा होता. मुलांचे धर्मांतर, नामांतर आणि पुढे आफ्रिकेत त्यांची रवानगी, या तिन्ही बाबतीत निर्णय इतरांनी घेतले. त्यांना प्रथम सक्तीने समुद्रापार आणले गेले आणि नंतर सदिच्छेने समुद्रापार नेले गेले. नाशिक हे त्यांचे घर होऊ शकले असते का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आश्रम उठल्यावर शरणपूरची ख्रिस्ती वस्ती टिकून राहिली, पण तिच्या शाळेच्या इतिहासातील आफ्रिकी पान मिटले गेले. यास साधनांचे स्वरूपही कारणीभूत आहे. बहुतेक माहिती मिशनऱ्यांचे अहवाल आणि प्रवाशांच्या रोजनिशा यांतून येते; त्यांत हे विद्यार्थी अनुयायी, मदतनीस किंवा तक्रारीचा विषय म्हणून दिसतात. वेनराइटच्या रोजनिशीचे मोल त्यामुळेच अधिक. विद्यार्थी स्वतः लिहू लागतो तेव्हा शाळेचा इतिहास शिक्षकाच्या हातून सुटून त्याच्या हाती येतो.

दुसरीकडे, शाळेने जे दिले तेही नाकारता येत नाही. वेनराइटचे लेखन, जोन्सचे नेतृत्व, जॉर्ज डेव्हिडने राबाईत केलेले काम आणि मॅथ्यू वेलिंग्टनचे १९३५ पर्यंतचे दीर्घ आयुष्य यांतून एक गोष्ट दिसते. शिक्षण ज्या हेतूने दिले जाते, त्या हेतूच्या चौकटीत ते राहत नाही. मिशनला आज्ञाधारक मदतनीस हवे होते. त्यांना वेतनाचा, सन्मानाचा आणि पळून आलेल्यांच्या आश्रयाचा प्रश्न धसास लावणारी माणसे मिळाली. प्राथमिक शाळेत मिळालेले अक्षर आणि हातचे कसब हेच त्यांचे भांडवल होते.

निष्कर्ष

स्थानिक शैक्षणिक इतिहास लिहिताना संस्थापक, इमारत आणि वर्धापनदिन यांपलीकडे जाऊन विद्यार्थ्यांच्या वाटचालीचा मागोवा घेतला पाहिजे, हे शरणपूरच्या उदाहरणावरून दिसून येते. तसे केल्यास नाशिकमधील एका वस्तीच्या शाळेचा इतिहास मोंबासा, राबाई, चितांबो आणि लंडनपर्यंत जाऊन पोचतो. उलट, केवळ शहराच्या सीमेत राहून तो लिहिल्यास त्यातील सर्वांत महत्त्वाचे विद्यार्थी गाळले जातात.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयाला अनेक अंगे आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांना हिंदी महासागरातील दळणवळण, शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना हस्तव्यवसायप्रधान प्राथमिक शिक्षणाचा एक आरंभीचा प्रयोग, समाजशास्त्राच्या अभ्यासकांना नामांतर आणि अस्मिता यांचा संबंध, तर भाषेच्या अभ्यासकांना बहुभाषिक विद्यार्थ्यांच्या लेखनाचा नमुना येथे उपलब्ध आहे. वेनराइटची रोजनिशी आता जगातील कोणत्याही वाचकाला पाहता येते. तिचा साक्षेपी मराठी अनुवाद नाशिकमध्येच व्हावा, हे सर्वथा उचित ठरेल. शिक्षकांची आडनावे लावून हे विद्यार्थी येथून गेले आणि जगाने त्यांना नाशिकची मुले म्हणून ओळखले. नाशिकच्या शैक्षणिक इतिहासाने त्यांना आपले माजी विद्यार्थी म्हणून नोंदवून घेणे एवढेच आता शिल्लक आहे.